पाठीवरचा हात : मराठी पुस्तकांतील शाळकरी मूल

दिवाळी अंक हाती आला की त्यात शाळेच्या आठवणी सांगणारा एक तरी लेख सापडतोच. छडी घेऊन उभे असलेले गणिताचे मास्तर, पावसात गळणारी कौले, मधल्या सुट्टीतल्या चिंचा-बोरे, आणि शेवटी 'गेले ते दिवस' असा एक निःश्वास. फराळाच्या ताटाशी बसून असा लेख वाचायला गोड लागतो आणि त्यात वावगे काहीच नाही. तथापि असे लेख वाचताना एक साधी गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. शाळेच्या आठवणी लिहितो तो शाळेत टिकलेला माणूस. जो चौथीत, सातवीत किंवा नववीत शाळा सोडून गेला, त्याने सहसा काही लिहिले नाही. मराठी साहित्यातली शाळा ही अशी बहुतांशी टिकलेल्यांनी सांगितलेली शाळा आहे. तेव्हा ही पुस्तके वाचताना हा मुलगा टिकला कसा, कोणाच्या आधाराने टिकला, हे विचारणे समीक्षेचेच काम ठरते. आपल्या समीक्षेने आत्मकथनांच्या भाषेची, शैलीची, प्रामाणिकपणाची चर्चा पुष्कळ केली. या साध्या प्रश्नाकडे तिचे लक्ष त्या मानाने कमी गेले. परभणीसारख्या जिल्ह्यात बसून तो विचारला म्हणजे त्याला अधिकच धार येते. ती का, हे पुढे येईलच. आधी पुस्तकांकडे वळू.

आरंभ अर्थातच 'श्यामची आई'पासून. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले. पुस्तकावर भाबडेपणाचा आरोप पुष्कळदा झाला आहे. श्याम फार रडतो, असे म्हणणारे वाचक घरोघरी भेटतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. परंतु अश्रू जरा बाजूला सारून पाहिले तर यातली आई मोठी खंबीर आणि व्यवहारी बाई आहे. पाण्याला भिणाऱ्या पोराला ती मारून पोहायला धाडते. पायांचे तळवे मळू नयेत म्हणून जपणाऱ्या पोराला मनही तसेच जपायला सांगते. घरात दारिद्र्य आले तरी पोराचे शिक्षण थांबू देत नाही. मुलाचे शरीर, त्याचे मन आणि त्याची शाळा यांची वाटणी तिने केलेलीच नाही.

इतके असूनही या पुस्तकाच्या वाचनातून आपल्या समाजाने एक सोयीस्कर निष्कर्ष काढला. मूल घडवायचे ते आईने, असा तो निष्कर्ष. आई चांगली मिळाली तर पोर श्याम होईल, नाही मिळाली तर त्याचे दैव! हा निष्कर्ष खुद्द लेखकाच्या आयुष्याशी मात्र जुळत नाही. १९२४ ते १९३० ही वर्षे साने गुरुजी अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. परगावाहून आलेल्या मुलांचे कपडे, अंथरुणे, आजारपण यांत ते स्वतः लक्ष घालीत, आणि त्या मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' काढीत. आईपासून दूर राहणाऱ्या मुलांना आईची माया कोणी तरी द्यावी लागते, हे त्यांनी आधी कृतीने जाणले आणि मग पुस्तक लिहिले. पुस्तकाची मांडणीच याची साक्ष देते. आश्रमातले सोबती रात्री जमतात आणि श्याम त्यांना एकेक आठवण सांगतो. म्हणजे आई गेल्यानंतर तिने दिलेले दुसऱ्यांच्या मुलांपर्यंत पोहोचवणारा हा श्याम आहे. घरातली माया घराबाहेर कशी जाते, याचे हे पुस्तक आहे असे मला वाटते. आपण ते घरातच कोंडून ठेवले.

मध्यमवर्गीय घरांतल्या शाळकरी मुलांची चित्रे मराठीत पुढे फार सुरेख आली. प्रकाश नारायण संतांचा लंपन आईवडिलांपासून दूर, सीमाभागातल्या गावी आजी-आजोबांकडे वाढतो. १९९४ सालच्या 'वनवास'पासून पुढच्या पुस्तकांत तो आपल्याला भेटत राहतो. त्याला एकटे वाटते, त्याच्या मनात नाना शंका येतात. पण संध्याकाळी घरी वाट पाहणारे कोणी तरी आहे हे त्याला पक्के ठाऊक असते, म्हणूनच त्याला इतके मनमोकळे भटकता येते. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' या २००४ सालच्या कादंबरीतला मुकुंद जोशी नववीत आहे. काळ आणीबाणीचा, वय प्रेमात पडण्याचे. त्याला जे घरात बोलता येत नाही ते नरूमामाशी बोलता येते. कादंबरी वाचताना आपले सारे लक्ष शिरोडकरकडे असते, म्हणून हा मामा आपण जवळजवळ विसरून जातो. परंतु चौदा-पंधरा वर्षांच्या पोराचे म्हणणे हसण्यावारी न नेता ऐकणारा एक मोठा माणूस जवळ असणे, ही केवढी मोठी गोष्ट आहे! लंपन आणि मुकुंद यांच्या पाठीवर असे हात सहज आहेत. इतके सहज, की ते लेखकाने निराळे दाखवावे लागत नाहीत आणि वाचकालाही जाणवत नाहीत.

ज्या मुलाला हे हात एकेक करून मिळवावे लागले, त्याची गोष्ट आनंद यादव यांच्या 'झोंबी'त आहे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या आत्मचरित्रात कागलच्या एका शेतकरी पोराने शिक्षणासाठी बापाशी घेतलेली झोंबी आहे. पुस्तकाचे नावच असे की वाचकाचे लक्ष त्या पोराच्या जिद्दीवर खिळते. 'इच्छा असली की मार्ग सापडतो' असे म्हणून आपण पुस्तक मिटतो आणि घरातल्या मुलांना वाचायला देतो. पण ते पुस्तक पुन्हा सावकाश वाचावे. बापाने शाळेतून काढलेले हे पोर एकट्याच्या जिद्दीने शाळेत परतत नाही. आधी ते आईला आपल्या बाजूला वळवते. मग मायलेक मिळून दत्ताजीराव देसायांच्या वाड्यावर जातात. सरकार बापाला बोलावून घेतात आणि चांगले खडसावतात. तेव्हा कुठे बाप कबूल होतो, आणि तेही अटी घालून. दिवस उगवताच रानात हजर व्हायचे, अकरापर्यंत पिकाला पाणी पाजायचे, तिथून शाळा. शाळा सुटली की घरी दप्तर टाकून पुन्हा ढोरे राखायला. आणि कामाची गर्दी असली की शाळा बुडवायची!

इतक्या सायासाने पोर शाळेत पोहोचते, तर वर्गात काय होते? बरोबरीची पोरे पुढच्या वर्गात गेलेली. नव्या पोरांत हा वयाने मोठा, अंगात धोतर. पहिल्याच दिवशी एक पोरगा त्याची टिंगल करतो, त्याचा गमछा ओढून घेतो. नको ही शाळा, आपले रानच बरे, असे त्याच्या मनात येते. मला हा प्रसंग साऱ्या पुस्तकाचा मर्मबिंदू वाटतो. दत्ताजीरावांचा दरारा पोराला शाळेच्या दारापर्यंत आणू शकतो. वर्गात बसवून ठेवणे त्याच्या हाती नाही. ते काम पुढे हळूहळू होते. वसंत पाटील नावाचा हुशार, शांत मुलगा मित्र होतो. गणिताचे मंत्री मास्तर त्याच्यावर विश्वास टाकतात. मास्तर 'आनंदा' म्हणून हाक मारू लागतात, आणि त्या हाकेने पोराला आपण कोणी तरी आहोत असे वाटू लागते. मग मराठीचे सौंदलगेकर मास्तर येतात. ते कविता गाऊन, हावभाव करून शिकवतात, आणि स्वतःही कविता करतात. कवी म्हणजे आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस, हे पोराला उमगते. मग ते म्हशीच्या पाठीवर काडीने कवितेच्या ओळी लिहू लागते.

आता या साखळीतली एकेक कडी काढून पाहावी. आई वळली नसती, दत्ताजीराव गावात नसते, वसंतशी मैत्री झाली नसती, सौंदलगेकर दुसऱ्या गावी बदलून गेले असते, तर? जिद्द तीच राहिली असती आणि पुस्तक मात्र लिहिले गेले नसते. 'झोंबी' ही एका मुलाच्या पराक्रमाची कथा आहे हे खरेच, पण योग्य वेळी योग्य माणूस भेटण्याची ती कथा अधिक आहे. पहिल्या दिवशी गमछा ओढला गेल्यावर दुसऱ्या दिवशी शाळेत न आलेली जी पोरे असतील, त्यांची जिद्द कमी होती असे म्हणण्याचा अधिकार हे पुस्तक आपल्याला देत नाही.

जातीची भिंत मध्ये आली म्हणजे हे हात आणखी दुर्मिळ होतात. प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी' (१९७९) या आत्मकथनातले मराठवाड्यातले पोरके पोर बहिणीच्या आश्रयाने दिवस काढीत, उपाशी-अर्धपोटी राहून शिकते. इथे शाळा आणि भाकरी हे दोन प्रश्न नाहीतच, एकच आहे. कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट' (१९८१) मध्ये नागपूरची एक दलित मुलगी संस्कृत शिकू पाहते. गोखले गुरुजींसारखा जुन्या वळणाचा ब्राह्मण शिक्षक आपल्याला झिडकारील अशी तिची खात्री असते, आणि तोच शिक्षक तिला मनापासून शिकवतो. या दोन्ही पुस्तकांत समाजाची निर्दयता रोखठोक आली आहे, आणि त्याच पानांवर हाताला धरणारा एखादा माणूसही प्रामाणिकपणे नोंदला आहे. लेखकांनी ही कृतज्ञता लपवली नाही, म्हणून त्यांच्या संतापालाही वजन आले आहे.

आता परभणीकडे येऊ. निजामी राज्यात माध्यमिक शाळांतून शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, आणि १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे होते. घरी मराठी बोलणाऱ्या पोराला वरच्या वर्गांत परक्या भाषेतून भूगोल आणि गणित शिकावे लागे. शाळेत पाऊल टाकताच आईची भाषा दारात ठेवायची, असा तो प्रकार होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले तेव्हा कुठे ही स्थिती पालटू लागली. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या सातोन्यात १९१३ साली जन्मलेले बी. रघुनाथ याच काळातले. मॅट्रिकपर्यंत शिकून त्यांनी सरकारी खात्यात कारकुनी धरली, आणि १९५३ साली अवघ्या चाळिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. तेवढ्या आयुष्यात त्यांनी कविता, कथा आणि कादंबऱ्या मिळून एवढे लिहिले की मराठवाड्याच्या आधुनिक साहित्याचा विचार त्यांच्यावाचून होऊच शकत नाही. परभणीला त्यांचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. परंतु अशा एका नावाकडे पाहताना त्या काळी परक्या भाषेच्या दारातूनच परत फिरलेल्या इतर पोरांची आठवण व्हावी. त्यांच्यातही कोणी लिहिणारा असला असेल.

भाषेची अडचण गेली. पोटाची गेली नाही. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांत दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवराबायको ऊसतोडीला जातात. या जोडीला त्या व्यवहारात 'कोयता' म्हणतात. माणसाचे नाव जाऊन हत्याराचे नाव यावे, यावर वेगळे भाष्य करायला नको. कारखान्यांचे गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते. मागे सांभाळणारे कोणी नसले तर पोरेही बरोबर जातात. फडाजवळच्या कोपीत धाकट्याला सांभाळणे, वाढे गोळा करणे, पाणी भरणे ही त्यांची कामे होतात. दिवाळीची सुट्टी संपून शाळेचे दुसरे सत्र सुरू होते तेव्हा हजेरीपटावर नाव असते आणि बाकावर पोर नसते. परत येते तो वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. आपल्या घरी ज्या दिवसांत कंदील लागतो त्याच दिवसांत या घरांना कुलूप लागते, म्हणून हा विषय दिवाळी अंकात काढला तर कोणी रसभंग मानू नये.

गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. परंपरा सांगते की त्या लहानपणीच गाव सोडून पंढरपूरला दामाशेटींच्या घरी कामाला राहिल्या आणि नामदेवांच्या घरच्या दासी म्हणून वाढल्या. म्हणजे गंगाखेडहून कामासाठी परगावी गेलेले हे एक लहान मूलच. त्यांच्या अभंगांकडे भक्तीच्या दृष्टीने आपण नेहमी पाहतो. एकदा या दृष्टीने पाहावे. जनाबाईंचा विठ्ठल वर देत नाही, उपदेश करीत नाही. तो जात्याशी बसून दळू लागतो, शेण्या वेचू लागतो, वेणी घालतो. कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या पोरक्या मुलीने देवाकडून काय मागितले, तर बरोबरीने कामाला लागणारा हात. मुलांना आधार देणे म्हणजे काय, याची इतकी अचूक कल्पना नंतरच्या कितीतरी शिक्षणविषयक अहवालांत सापडणार नाही.

असा हात शाळेलाच देता येतो, हे कोसबाडने दाखवले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली पोरे बालवाडीत येईनात, तेव्हा या बायकांनी बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. मोठी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते म्हणून शाळेला मुकते असे दिसले, तेव्हा शाळेला पाळणाघर जोडले. पोरे गुरे राखतात म्हणून येत नाहीत, तर कुरणावरच शाळा भरवली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणणारी त्यांची 'विकासवाडी' म्हणजे पाळण्यापासून वर्गापर्यंत मुलाचा हात न सोडण्याची युक्ती होती. अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे अनुभवकथन ग्रंथालयात शिक्षणाच्या कपाटात ठेवलेले असते. त्याची जागा माझ्या मते 'झोंबी'च्या शेजारी आहे. 'झोंबी'त मूल शाळेकडे धावते. कोसबाडला शाळा मुलाकडे धावली. एकाच गोष्टीच्या या दोन बाजू एकत्र वाचल्या नाहीत तर दोन्ही अर्ध्याच कळतात.

आज व्यवस्थेने पुष्कळ केले आहे हे मान्य करायला हवे. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. शाळेत शिजवलेले अन्न मिळू लागले. २०१० सालच्या एप्रिलपासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने लाभला. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी आधी साखरशाळा निघाल्या, मग मुलांना गावातच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे आली. यांतली दुसरी कल्पना अधिक चांगली, कारण तिच्यात मुलाची शाळा, मास्तर आणि सोबती सुटत नाहीत. तरी कायद्याचा हात चौदाव्या वर्षी सुटतो आणि शाळेतली खिचडीही आठवीनंतर थांबते. मुकुंद जोशी ज्या वयात नरूमामाकडे मन मोकळे करतो, नेमके ते हे वय. त्याच वयात मजुराच्या मुलीचे लग्न उरकण्याची घाई होते, कारण लग्न झाले की एक नवा कोयता तयार होतो आणि नवी उचल मिळते. बालवाडीपासून दहावीपर्यंतच्या वाटेवर सर्वांत निसरडी जागा इथे आहे.

आणि इथेच आपले साहित्यही गप्प आहे. ऊसतोड कामगाराचे दुःख मराठी कथेत आले. कोपीतून दिसणारी शाळा, कोपीतल्या पोराच्या डोळ्यांनी पाहिलेली, अजून पुरेशी आलेली नाही. तिथून एखादी पोरगी शिकून बाहेर पडेल तेव्हा ती लिहील. तोपर्यंत तिच्या वतीने आपण लिहावे, असे मी म्हणणार नाही. तसे लिहिणे बहुधा खोटे होते. लेखकांपेक्षा वाचकांकडूनच माझी अपेक्षा अधिक आहे. 'झोंबी' मुलांच्या हाती देताना 'बघ, किती कष्ट केले' एवढेच सांगून थांबू नये. त्यातले दत्ताजीराव कोण, मंत्री मास्तर कोण, वसंत पाटील कोण, हेही त्यांना विचारावे, आणि आपल्या गल्लीत, आपल्या वर्गात वसंत व्हायची संधी कोणाला आहे तेही. हंगामी वसतिगृहातल्या पोरांना रात्री गोष्ट वाचून दाखवायला कोणी लागते. दिवाळीनंतर रिकाम्या झालेल्या बाकाची चौकशी करायला कोणी लागते. परत आलेल्या पोराला बुडालेले गणित शिकवायला कोणी लागते. यांतल्या कोणत्याही कामाला विद्वत्ता नको, फावला वेळ आणि थोडी माया पुरते.

साहित्यातून जीवनाची समज येते असे आपण म्हणतो. शाळेच्या या पुस्तकांनी दिलेली समज एवढीच आहे की टिकलेल्या प्रत्येक मुलामागे नावानिशी सांगता येईल असे एक माणूस होते. पुढच्या पिढीतला कोणी परभणीचा लेखक आपले आत्मचरित्र लिहायला बसेल तेव्हा त्याच्या पानावर कोणाचे नाव यायचे, ते दिवाळीनंतरच्या या पाच-सहा महिन्यांत ठरते.